सान्याखालचा बेल

मागल्या रविवारी माझी नात ऋतुजा माझ्या बाल्कनीत उभी राहून कुंड्यांचे फोटो काढत होती. सात रस्त्याच्या बाजूला आमचा हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली दिवसभर हॉर्न वाजत असतात, आणि ही पोरगी कोरफडीला म्हणते, जरा इकडं वळ की. मग मोबाइलमध्ये बघून मला सांगते, "आजी, घरात झाडं लावली की मन शांत होतं. मातीत हात घातला की टेन्शन कमी होतं म्हणे." मी म्हटलं, मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं की, त्याला मोबाइल कशाला पाहिजे? ती हसली. मग एकेक कुंडी बघत गेली, मनी प्लांट, पानओवा, गवती चहा, कढीपत्ता, आणि शेवटी म्हणाली, "एवढी झाडं लावलीस, सोमवार पण धरतेस, मग बेल कसा नाही?" मी म्हटलं, जागा नाही. बघा, पंचाहत्तरीला टेकलेली बाई नातीशी खोटं बोलली. जागा आहे. गवती चहाच्या शेजारी चांगली हातभर जागा आहे. ते खोटं मला चार दिवस टोचत राहिलं, म्हणून हे लिहायला बसले.

मंद्रूपच्या पुढं आमचं गाव. शाळा सातवीपर्यंत. सातवीत माझा पहिला नंबर आला तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शहरात, शुक्रवार पेठेत त्यांच्या बहिणीकडं आणून सोडलं. आत्याला आम्ही अत्ती म्हणायचो. आमच्यात अर्धं बोलणं कानडी, रागावलं की पूर्ण कानडी. अत्तीचा नवरा तो माझा मामा. मामांचं पेठेत भुसार मालाचं दुकान होतं आणि मागच्या बोळात घर. अप्पांनी जोंधळ्याचं एक पोतं आणि माझी पत्र्याची पेटी ओसरीत ठेवली आणि म्हणाले, "हिला शाळेला घाला. घरात काय पडंल ते करंल." शाळेला घातलं. आणि घरात जे पडेल ते मी करत गेले. पहाटे सडा, मग नळाचं पाणी, मग चूल, मग दोघांच्या भाकरी. तवा तापायच्या आधी टाकलेली पहिली भाकरी कच्ची राहायची आणि तवा जास्त तापल्यावर टाकलेली शेवटची करपायची. त्या दोन माझ्या. अत्ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. उखळात शेंगाची चटणी कुटायला बसली की सगळा बोळ खोकायचा, आणि त्यातली बोटभर ती माझ्या करपलेल्या भाकरीवर घालायची, वर तेल पण. पण "पोरी, तू जेवलीस का?" असं तिनं कधी विचारलं नाही. मी जेवलेली असणारच, असं तिचं गणित होतं.

त्या घराला खिडक्या नव्हत्या. पुढं ओसरी, मागं परस, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीच्या धाब्याला एक सानं. आताच्या पोरांना सानं माहीत नसेल. धाब्याच्या मातीच्या छतात सुपाएवढं भोक ठेवायचे, उजेड यायला आणि धूर जायला. आमच्या सान्यावर काच बसवली होती. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा. सकाळी तो मावळतीच्या भिंतीला, धान्याच्या कणगीवर असायचा, दुपारी जमिनीवर उतरायचा, आणि संध्याकाळी जात्यापाशी जाऊन चढत चढत विझायचा. माझी पेटी त्या खोलीत, माझं अंथरूण त्या खोलीत. शाळेतून आले की मी पुस्तक घेऊन त्या चौकोनात बसायची आणि तो सरकेल तशी सरकायची. अत्ती म्हणायची, "बसल्या बसल्या ही पोरगी रोज गावाला जाते बघ."

दोन घरं सोडून नरसम्मा राहायची. विणकर बाई, घरात हातमाग. दिवसभर तिच्या घरातून धोट्याचा खटक-खटक आवाज यायचा. तो थांबला की समजायचं, नरसम्मा जेवतेय किंवा भांडतेय. तिच्या एकुलत्या खिडकीत तेलाच्या रिकाम्या डब्यांमध्ये झाडं होती. एकदा मी सुताची गुंडी उचलून द्यायला गेले तर तिनं पानओव्याची एक काडी खुडून माझ्या हातात दिली. "पापा, इदि तीसुको. हे घे, लाव." तेलुगूत लहान पोरीला पापा म्हणतात. मी म्हटलं, कुठं लावू, आमच्याकडं ऊनच न्हाई. ती म्हणाली, "सानं हाय की तुमच्याकडं. झाडाला घेऊन फिर उन्हामागं. शेळी नेते न्हाई का बाई चरायला?"

तिनंच मला पाणी घालायला शिकवलं. माझं बोट धरून डब्यातल्या मातीत खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. "गार लागतंय? मग गप बस. कोरडं लागलं की दे. रोज रोज देऊ नको. झाडाला बी उपास लागतोय."

तर मी आणि माझे डबे, आम्ही सगळे त्या चौकोनामागं सरकायला लागलो. आधी एक, मग तीन, मग सहा. खिळ्यानं बुडाला भोकं पाडायची, परसातली माती, जरा शेणखत, तांदूळ धुतलेलं पाणी. वाचता वाचता पायानंच डबा ढकलायचा. पत्रा जमिनीवर घासला की कर्र असा आवाज व्हायचा, तो मला लई आवडायचा. अत्ती बोलली, मामा ओरडले, शाळेतल्या पोरी माझ्या हाय-न्हाईला हसल्या, की मी त्या खोलीत येऊन पानओव्याचं जाड, लवदार पान दोन बोटांत हळू चोळायची. फाडायची नाही, नुसतं चोळायची. तो तिखट वास नाकात गेला की छातीतलं काहीतरी खाली बसायचं. मातीत बोट घालून ते तसंच ठेवायची, गार, दमट. त्या घरात मला कुणी हात लावत नव्हतं, मारायला सोडून. झाडांना मी लावायची आणि ती पण मला लावायची, असं मला वाटायचं. ऋतुजा म्हणते ती शांती हीच असेल तर मला ती तेराव्या वर्षीच मिळाली होती. किती दिवस टिकली, तेच सांगायचंय.

मामा गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगाची पूजा दोन वेळा करायचे, सकाळी आणि संध्याकाळी. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर पाणी, दूध, भस्म, आणि मिळालं तर बेलाचं पान. पूजेचं ते पाणी, तीर्थ, कुणाच्या पायाखाली येता कामा नये. ते झाडाच्या बुडात घालायची पद्धत. मामांनी हौसेनं तीनदा बेलाची रोपं आणून परसात लावली होती आणि तिन्ही मेली होती. मी देवळातून एक पिकलेला बेल आणला, फोडला, बिया धुऊन दोन डब्यांत लावल्या, आणि महिन्याभरात दोन्ही डब्यांत दोन लाल-हिरवे कोंब आले. मामा स्वतः सान्याखाली येऊन उकिडवे बसले. "गौरा," म्हणाले, "तुझ्या हाताला गुण हाय ग." त्या घरात माझ्याबद्दल बोललेलं तेवढं एकच चांगलं वाक्य मला आठवतंय. म्हणून तर ते पाठ आहे.

त्या वर्षी सुगी उरकल्यावर अप्पा आले. माझ्यासाठी स्थळ आलं होतं. मी आठवी पास झाले होते. मला मॅट्रिक व्हायचं होतं, आणि मॅट्रिक होऊन आमच्या गावच्या शाळेत बाई व्हायचं होतं, खुर्चीवर बसणारी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी दारामागून बोलले, "मला शाळा शिकायचीय." अप्पांना राग आला नाही, ते नुसते मामांकडं बघायला लागले. मामा पूजेला बसले होते, तळहातावर लिंग होतं. ते म्हणाले, "शिवप्पा, देवाचा कौल घेऊ. पोरीचा हा बेल पुढच्या सुगीपर्यंत जगला आणि त्याचं पान माझ्या लिंगावर चढलं, तर पोरगी मॅट्रिक होणार, खर्च माझा. न्हाई जगला तर तुमी घेऊन जावा." लिंग हातात असताना दिलेला शब्द. त्याच्यापुढं काही नसतं. मला इतका आनंद झाला की मी परसात जाऊन विनाकारण भांडी घासली. झाड जगवणं एवढंच तर होतं. ते मला येत होतं.

पण मामा म्हणाले, "आजपासून तीर्थ त्याच डब्यात घालायचं. देवाच्या पाण्यावर वाढू दे." त्यांना वाईट करायचं नव्हतं, उलट त्यांना माझं भलं करायचं होतं. अत्ती रोज दोन वेळा, स्वतः, डोक्यावर पदर घेऊन ती वाटी डब्यात उपडी करायची. दूध, राख, पाणी. आज घातलंय, उद्या नको, असं देवाच्या पाण्याला कोण म्हणणार? एक डबा मी आधीच नरसम्माच्या खिडकीत ठेवला होता, आमच्या सान्याखाली जागा पुरत नव्हती म्हणून. पावसाळा गेला आणि माझ्या बेलाची पानं कडेनं पिवळी पडायला लागली. मातीवर पांढरी खपली धरली, घरातल्या भिंतीला धरते तशी, बोट आत जाईना. खिळ्यानं उकरलं तर आतून आंबूस वास आला, नासक्या दुधाचा.

नरसम्मानं डबा बघितला, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "अय्यो पापा. काय घालताय ह्याला? मुळं कुजली." मी सांगितलं.  ती मागापाशी जाऊन बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या खिडकीतला घेऊन जा. डबा बदल. कुणाला कळतंय?" दोन्ही डबे एकाच तेलाचे, दोन्ही बेल एकाच फळातले. खिडकीतला बेल वीतभर उंच, हिरवागार, त्याला मी बोट घालून बघून पाणी देत होते. मी म्हटलं, न्हाई, ते खोटं होईल. आणि मी नुसती खोट्याला घाबरत नव्हते. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात मटकीचे दोन पेले ठेवून दाखवलं होतं, एक उजेडात, एक अंधारात. बाई म्हणाल्या होत्या, समोर दाखवलं की कुणालाही पटतं. मला वाटलं, मी पण दाखवीन. दोन डबे शेजारी ठेवीन. मामा दुकानदार माणूस, डोळ्यानं माल पारखणारा. त्यांना पटेल, आणि वर म्हणतील, पोरगी हुशार हाय. इतकी वर्षं झाली, मी सगळ्यांना माफ करून बघितलंय, अत्तीला, अप्पांना, एखाद्या दिवशी मामांना पण. पण त्या शिकलेल्या पोरीला, जिनं डबा बदलला नाही, तिला अजून माफ करवत नाही.

त्याच महिन्यात मी मोठी झाले. अत्तीनं जुनं लुगडं फाडून दिलं, आणि काहीच सांगितलं नाही. आमच्यात विटाळ पाळायचा नाही, आमच्या धर्मातच नाही, मठातले स्वामी तर दर वर्षी हे ओरडून सांगायचे. म्हणून मी नेहमीसारखी भाकरी केली, पाणी भरलं, झाडांना हात लावला.

सुगीनंतरच्या रविवारी अप्पा आले. मामांनी बेल ओसरीत आणायला सांगितला. काडीला दोन पानं उरली होती, दोन्ही पिवळी. अत्ती म्हणाली, "मी सांगते काय झालंय ते. हिनं त्या दिवसांत शिवलंय त्याला."

मामा म्हणाले, "आपल्यात ते मानत न्हाईत."

"आपण न्हाई मानत हो," अत्ती म्हणाली, "झाड मानतं. त्याला मी काय करू?"

मी पळतच नरसम्माकडं गेले. खिडकीतला डबा उचलला. माग थांबला. "वद्दु पापा, नको!" ती ओरडली. "बदल म्हटलं होतं, दाखव म्हटलं नव्हतं!" मी ऐकलं नाही. दुसरा डबा आणून मी पहिल्याच्या शेजारी ठेवला आणि वर्गात उभी राहून उत्तर देतात तसं सांगितलं. एका फळाच्या बिया, एका दिवशी लावलेल्या, ह्याला रोज दोनदा तीर्थ, ह्याला बोट घालून बघून साधं पाणी. "ह्याला पण मीच हात लावत होते, मामा. सगळे दिवस."

 मामा खाली बसले. त्यांनी पिवळ्या डब्याची खपली नखानं उचलली, चोळली, वास घेतला. मग मला विचारलं, "बोट कुठवर घालायचं?" मी म्हटलं, दुसऱ्या पेरापर्यंत. त्यांनी हिरव्या डब्यात बोट घातलं. बराच वेळ तसंच ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांना पटलंय. मी शपथेवर सांगते, दिसलं. माल पारखून झाल्यावर दुकानात त्यांचा चेहरा असाच व्हायचा. मी इतक्या आशेनं बघत होते की मला अजून आठवतं, माझं तोंड उघडंच होतं.

"तीर्थानं झाड मरतंय, असं म्हणायचंय तुला?" ते हळू म्हणाले.

"तीर्थानं न्हाई, मामा. दुधानं, राखेनं. रोजच्या पाण्यानं."

"तेच तीर्थ असतंय ग," मामा म्हणाले. मग उठले, धोतराला हात पुसला. "हे बाहेर कुटं बोलू नकोस." आणि अप्पांकडं वळून म्हणाले, "शिवप्पा, कौल मिळाला न्हाई. तुमची बहीण म्हणती तेच असंल. घेऊन जावा पोरीला."

जे त्यांच्या धर्मात नाही तेच त्यांनी खरं धरलं. डोळ्यांसमोर होतं ते नाही.   घरी जाताना एस.टी.त अप्पांनी मला खिडकीची जागा दिली, तेवढंच.

निघायच्या आधी, सोमवारी सकाळी, मी पेटी घ्यायला सान्याखाली गेले तेव्हा मामा पूजेला बसले होते. हिरवा डबा त्यांच्या शेजारी होता. त्यांनी त्यातलं एक पान देठासकट जपून खुडलं, पाण्यात बुडवलं आणि लिंगावर ठेवलं. कौलात सांगितलं होतं तसंच. मी दारात उभी होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. पूजेत मिटतात, तसे.

बाकीचे डबे मी नरसम्माला दिले. तिनं मला पानओव्याची एक काडी ओल्या फडक्यात बांधून दिली, ती मी लग्नानंतर सासरी लावली, आणि आता बाल्कनीत आहे तो त्याच्याच काडीच्या काडीचा. शाळा मी पुढं शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर, पुडी सोडायची, मीठ डब्यात, कागद कंबरेला. कुठल्या बातमीचा शेवट मिळायचा, कुठल्या बातमीची सुरुवात. मॅट्रिक झाले नाही. सासरच्या गावच्या शाळेत पुढं ज्या बाई आल्या त्यांच्या खुर्चीकडं मी माझ्या पोरांना शाळेत सोडताना बघायची, आणि बघून घरी यायची.

परवा, म्हणजे ऋतुजानं बेलाचं विचारल्यावर, मी रिक्षा करून शुक्रवार पेठेत गेले. मामा जाऊन लई वर्षं झाली. अत्ती आहे, नव्वदीच्या पुढं, खाटेवर, पण कान शाबूत. धाबं पाडून वर स्लॅब घातलाय, सानं गेलं. परसात बेल आहे. दुमजली उंच. त्याच्या बुडाभोवती पार बांधलाय, पारावर फरशी, फरशीवर मामांचं नाव कोरलंय. सोमवारी सगळी पेठ पानं न्यायला येते म्हणे.

"बघितलास का मामांचा बेल?" अत्ती म्हणाली. "देवमाणूस ग. त्यांच्या पुण्याईवर वाढलाय."

मी म्हटलं, "व्हय अत्ती. तीर्थावर वाढला असंल."

"न्हाई न्हाई," ती म्हणाली आणि खाटेवर जरा उठून बसली. "त्याला तीर्थ घालू द्यायचे न्हाईत. तू गेलीस त्या दिवसापासून सक्त ताकीद. तीर्थ तुळशीत ओत म्हणायचे. का, ते कधी सांगितलं न्हाई. बेलाला साधं पाणी, ते बी स्वतः घालायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. रोज सकाळी असं बोट घालून बघायचे."

आणि तिनं तिचं सुरकुतलेलं बोट वर करून मला दाखवलं, अंगठ्यानं खूण करून, दुसऱ्या पेरापर्यंत.

अत्तीच्या सुनेनं, मी गेल्यावर झालेल्या पोराच्या बायकोनं, चहा आणला होता. मी तो प्याले. निघताना सून म्हणाली, वन्सं, चार पानं घेऊन जावा की पूजेला. मी पारापाशी गेले. बुडाशी बोट घालून बघावं असं वाटलं, पण फरशी अगदी खोडाला टेकेपर्यंत बसवली होती. माती कुठं उरली नव्हती. पानं न घेता मी रिक्षात बसले.